ब्लासिदाने पुसलेला निरोप

पराग्वेतल्या लुके गावच्या बसथांब्याला लागून ब्लासिदाचं पाल्याचं टेबल होतं. ओल्या फडक्याखाली पानांच्या न् मुळ्यांच्या जुड्या, मधोमध लाकडी उखळ आणि मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बासष्ट वर्षांची ब्लासिदा. गिऱ्हाईक आपला थर्मास टेबलावर आदळायचं आणि म्हणायचं, "न्या ब्लासिदा, पोट ठीक नाही." की ही दोन जुड्या ओढून उखळात घालायची, चार ठोके द्यायची आणि ठेचा थर्मासातल्या बर्फाच्या पाण्यात सोडायची. मग ते गिऱ्हाईक दिवसभर तेच पाणी आपल्या तेरेरेच्या, म्हणजे तिथल्या थंड चहाच्या, भांड्यात ओतून नळीने ओढत बसायचं. मोठ्या बाईच्या नावाआधी 'न्या' लावायचा असतोच, पण ब्लासिदाला वाटायचं की आपल्याला तो मान पाल्यामुळे मिळतो.

तिची आईसुद्धा याच जागी बसून गेली. कुठलं पान कशावर, हे आपण चालायला लागायच्या आधीच शिकलो असं ब्लासिदा स्वतःच सांगायची, आणि तिच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती. सल्ला द्यायला तिला कोणी विचारावं लागत नसे. बसमध्ये शेजारणीचे सुजलेले पाय दिसले की उतरायच्या आत तीन मुळ्या सांगून मोकळी. बाई मनाने वाईट नव्हती. फक्त गप्प बसणं तिच्या पत्रिकेत नव्हतं.

या खोडीला सगळ्यात मोठं मैदान मिळालं ते फोनमध्ये. अकरा वर्षांपूर्वी राजधानीच्या, असुन्सिओनच्या मोठ्या इस्पितळात चार बायका चार दिवस एकाच बाकावर बसून होत्या. कोणाचा नवरा आत, कोणाची आई. एकच तेरेरे चौघींत फिरत राहिलं आणि त्यातच ओळख झाली. निघताना एलिदाने ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'बाकावरच्या'. पुढे चौघींची तोंडं चार दिशांना झाली. एलिदा ब्राझीलच्या हद्दीवर ब्लँकेटं विकते. उर्सुला स्पेनमध्ये मालागाला एका म्हातारीला सांभाळते. नीमिया उत्तरेला, लोरेतोच्या पलीकडच्या वाडीत एकटी राहते. नवरा गेल्यापासून तिच्या सोबतीला कोंबड्या आणि एक चिडका टर्की. अकरा वर्षांत चौघी प्रत्यक्ष दोनदाच भेटल्या. पण कोणाचा गुडघा, कोणाची सून, कोणाची साखर, जे काही असेल ते आधी ग्रुपवर पडायचं आणि मग घरच्यांना कळायचं.

प्रेशर चौघींनाही होतं. म्हणून नियम असा, की सकाळी सातच्या आत प्रत्येकीने प्रेशरच्या मशीनचा फोटो टाकायचा. आकडा चांगला असला तर टाळ्या, वाईट असला तर शिव्या. नीमियाचा फोटो नेहमी पहिला यायचा, साडेपाचला, आणि त्यात एखाद्या कोंबडीची शेपटी असायचीच.

सोमवारी दुपारी नीमियाने लिहिलं, 'डोकं जड आहे गं. आकडा एकशे सत्तर. आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली, वर लघवीची एक नवीन दिली. तीन दिवस झाले, उतार नाही.'

झालं. ब्लासिदाने फोन तोंडापाशी धरला आणि चार मिनिटांचा आवाजी निरोप ठोकून दिला. तिच्या निरोपांना एलिदा 'प्रवचन' म्हणायची, आणि ती नि उर्सुला ते सवडीने ऐकायच्या, बहुतेक वेळा ऐकायच्याच नाहीत. नीमिया मात्र प्रत्येक प्रवचन दोनदा ऐकायची. अर्ध्या तासाने तिचं उत्तर आलं: 'सगळं अंगणातच आहे. आत्ताच ठेचते. देव तुझं भलं करो.' ब्लासिदा खूश होऊन घरी गेली.

मंगळवारी सकाळी सहाला उर्सुलाचा आकडा आला, सव्वासहाला एलिदाचा, आणि ब्लासिदाने आपला टाकला. सात वाजले. नीमियाचा नाही.

"कोंबड्यांत अडकली असेल," एलिदाने निरोप बोलून पाठवला. "नाहीतर टर्कीने मशीन खाल्लं."

"अगं, रेंज नसेल," उर्सुला म्हणाली. मालागात तेव्हा दुपार होत आली होती. मागून तिची म्हातारी काहीतरी ओरडत होती.

ब्लासिदाने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. रेंज होती तर. नीमिया फोन गळ्यात दोरी बांधून अडकवायची. अंड्यांना हात घालतानाही तो तिच्या छातीवर लोंबत असायचा.

फडकं न काढताच ब्लासिदा टेबलामागे बसली आणि आपलाच कालचा निरोप तिने ऐकला. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, फार खणखणीत. 'गोळी घे, मी नको म्हणत नाही. पण गोळी काय करणार? तू तेरेरेत न्यांगापिरीची पानं घाल, घोडशेपूट घाल आणि पेर्दुदियाची मुळी ठेच. एकेक जुडी नाही हं, तीन-तीन! दिवसभर पी. अंगातलं पाणी उडालं की डोकं आपोआप हलकं होतंय की नाही बघ. उद्या मला एकशे वीसचा फोटो हवा, नाहीतर नावाची ब्लासिदा नाही.'

तीन-तीन. या टेबलावर तिने जन्मात कोणाला तीन जुड्या दिल्या नव्हत्या. आणि लघवीची गोळी? आई असती तर पहिल्यांदा तेच विचारलं असतं. घोडशेपूट मागायला कोणी आलं की ती आधी म्हणायची, "फार्मसीचं काय घेतोस ते सांग, मग उखळाला हात लावते." नीमियाने तर न विचारताच सांगितलं होतं. ब्लासिदाने ते वाचलं होतं आणि त्यावरून उडी मारून पुढे गेली होती.

ग्रुपवर एलिदाने लिहिलं, 'काल काय म्हणाली होती नीमिया? थांबा, वर जाऊन बघते.'

ब्लासिदाने बोट निरोपावर दाबून धरलं. 'सगळ्यांसाठी पुसायचं?' असं फोनने विचारलं. तिने हो म्हटलं. विचार केला असं म्हणणं खोटं होईल. गरम तव्यावरून हात मागे घ्यावा तसं ते झालं. निरोपाच्या जागी 'हा निरोप पुसला आहे' एवढंच राहिलं, आणि ते बघून तिला आधीपेक्षा जास्त भीती वाटली.

तेवढ्यात एक बाई थर्मास घेऊन आली. "न्या ब्लासिदा, प्रेशरवर काहीतरी द्या. आमच्या सासऱ्यांना."

ब्लासिदाचा हात फडक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"गोळ्या घेतात का?"

"घेतात की, एक पांढरी. पण ते औषध झालं. हा तर पाला."

"आज नाही," ब्लासिदा म्हणाली. "आज पाला चांगला नाही."

"समोर तर दिसतोय, हिरवागार!"

"नाही म्हटलं ना बाई! दुसरीकडे बघा!" ती इतक्या जोरात ओरडली की थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली.

आठला एलिदाचा फोन आला. तिचा थट्टेचा सूर गेला होता. "ऐक. वाडीत तिच्या शेजाऱ्यांचा नंबर कोणाकडेच नाही. तिकडच्या रेडिओवर निरोप वाचतात ना? कोणाचा बैल हरवला, कोणाची आई आजारी... तू लाव. तुझा आवाज मोठा आहे."

रेडिओवरच्या पोराने दुसऱ्या घंटेला फोन घेतला. मागे गाणं चालू होतं.

"बोला मावशी, बैल का लग्न?"

"माणूस," ब्लासिदा म्हणाली. "नीमिया ब्रीतेस. एकटी असते. फोन उचलत नाही. जवळ असेल त्याने जाऊन दार वाजवावं, असं सांग. आत्ता सांग, गाणं संपायची वाट नको बघूस."

"आजारी होत्या का? काही घेतलं-बितलं?"

"प्रेशर थोडं," ती म्हणाली. "बाकी काही नाही."

गाणं मध्येच तोडून त्याने निरोप वाचला. एकदा स्पॅनिशमध्ये, एकदा तिकडच्या ग्वारानी भाषेत. ब्लासिदाने तो फोनवरूनच ऐकला. चारशे किलोमीटरवर कोणाच्या तरी स्वयंपाकघरात तो वाजत असेल, आणि जी कोणी ऐकेल तिला हातातला कंद खाली ठेवायची बुद्धी होवो, एवढंच ती पुटपुटत राहिली. बाकी काही करण्यासारखं नव्हतं. ग्रुपवर उर्सुला एकापाठोपाठ एक प्रार्थना पाठवत होती. एलिदा दर पाच मिनिटांनी 'काही?' लिहीत होती. "आपण चौघी आहोत ना, काही होत नाही तिला," उर्सुला रडत म्हणाली, आणि ते 'चौघी' ऐकून ब्लासिदाने फोन फडक्यावर पालथा ठेवला.

नऊ वाजून वीस मिनिटांनी नीमियाच्या नंबरवरून ग्रुपवर आवाज आला. आवाज नीमियाचा नव्हता.

"मी आरोग्यकेंद्रातली नर्स बोलतेय. या बाईंना शेजारीण घेऊन आलीय. आंब्याखाली पडल्या होत्या. प्रेशर फारच खाली गेलंय, लागतच नव्हतं. शुद्ध येते-जाते. काय घेतलं विचारलं तर म्हणतात, काही नाही. तेरेरेत काय होतं विचारलं तर म्हणतात, नुसतं पाणी. यांच्या फोनमध्ये काल दुपारचा एक निरोप पुसलेला दिसतोय, ब्लासिदा नावाच्या कोणाचा. त्यात काय होतं? डॉक्टरीणबाई थांबल्यात. लवकर कळवा."

जिवंत होती. खाली एलिदाचं एकच वाक्य आलं: 'ब्लासिदा, काय पुसलंस?'

थांब्यावर बस आली, माणसं उतरली, चढली. तिच्या टेबलाकडे बघून दोघांनी मान लववली. नीमिया गेली आणि हे बाहेर आलं, तर उद्या यातला एकही थर्मास उघडणार नाही हे तिला दिसत होतं. आणि न सांगता नीमिया गेली तर? तर आयुष्यभर आपण या उखळात काय कुटणार? तिने फोन तोंडाशी धरला. आवाज चिरका निघाला.

"नर्सबाई, मी सांगितलं होतं. न्यांगापिरी, घोडशेपूट आणि पेर्दुदिया. तीन-तीन जुड्या. दिवसभर पी म्हटलं. ती लघवीची गोळी घेते हे मला माहीत होतं. तिने लिहिलं होतं. मी वाचलं होतं. ती नुसतं पाणी म्हणते ते खोटं आहे, बाई, ती माझं सगळं ऐकते. आणि निरोप मी घाबरून पुसला. झालं. हेच होतं."

नर्सचा छोटासा निरोप आला: "समजलं. आता काय करायचं ते कळलं." एलिदा आणि उर्सुला दोघीही गप्प होत्या. अकरा वर्षांत ग्रुप इतका वेळ कधी शांत राहिला नव्हता, आणि ब्लासिदाला शिव्या चालल्या असत्या, ती शांतता सोसवेना.

नीमियाला जवळच्या कॉन्सेप्सिओन शहरातल्या इस्पितळात हलवलं. मंगळवार गेला, बुधवार गेला. अंगातलं पाणी आणि क्षार पार निघून गेलेत, सलाईन चालू आहे, हृदयावर लक्ष ठेवलंय, एवढं नर्सने कळवलं. ब्लासिदाने टेबल मांडलंच नाही. घरात बसून ती फोनच्या पडद्याकडे बघायची, आणि तो उजळला की डोळे मिटून घ्यायची. एलिदाने बुधवारी संध्याकाळी फोन केला. "मी तुझ्यावर चिडलेय," ती म्हणाली. "पण जेवलीस का?" ब्लासिदा नाही म्हणाली. मग एलिदाने ती जेवेपर्यंत फोन ठेवला नाही.

गुरुवारी दुपारी नीमियाचा फोन आला. ती स्वतः बोलत होती. आवाज पातळ, पण तिचाच.

"ब्लासिदा? रडतेस काय, मी आहे ना."

"मला माफ कर, नीमिया. मी मूर्ख. मी..."

"अगं, पुरे. मला एकच राग आला तुझा. सांगितलंस कशाला त्यांना?"

"म्हणजे?"

"नर्स मला सारखी विचारत होती, काय प्यायलीस, कोणी दिलं. मला सगळं ऐकू येत होतं. मी नुसतं पाणी म्हणाले. म्हटलं, तुझं नाव घेतलं तर उद्या तुझ्या टेबलाशी कोण येईल? बाई एकटी, खाणार काय? मी तर म्हातारी झाले." तिने दम खाल्ला. "मरायची वेळ आली असती तरी मी सांगितलं नसतं, तू काळजी नको करूस."

हे तिने ब्लासिदाला धीर यावा म्हणून म्हटलं. ब्लासिदाला मात्र कळलं, आपल्या टेबलापायी ही बाई मुकाट मेली असती. मंगळवारी बसथांब्यावर वाटलं नव्हतं एवढं भय तिला आत्ता वाटत होतं, आणि पलीकडून नीमिया पुन्हा पुन्हा विचारत होती, "ऐकतेस ना गं?"