पुठ्ठ्यावरचं शेत

भाची हल्ली मोबाइलसाठी पहिलावहिला गेम बनवतेय. शंभर लेव्हल ठरवल्यात आणि पहिलीच अजून चालत नाही. "मावशी, तू कधी खेळ बनवलायस का?" तिने चेष्टेने विचारलं. बनवलाय की! तिच्याच आईसाठी.

तेव्हा आम्ही खालापूरला राहायचो. मी नुकतीच एका कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले होते. मे महिन्यात धाकटी बहीण जांभळीवरून पडली आणि दीड महिना प्लॅस्टरमध्ये अडकली. मैत्रिणी दोन दिवस आल्या, मग येईनाशा झाल्या. खाटेपाशी बसून करायचं काय? ती दिवसभर दाराकडे बघत राहायची, बोलायची नाही. मला ते बघवेना. खेळ असला तर पोरी येतील, असं माझ्या मनाने घेतलं.

जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यावर मी भातशेती आखली. पेरणीआधी जमीन भाजतात त्या राबापासून भात घरी येईपर्यंत एकशे वीस घरं! फाशांऐवजी फोडलेले चिंचोके. जितके पांढऱ्या बाजूने पडतील तितकी घरं पुढे. नियम चार पानी, कलम-उपकलमांसह टाइप केलेले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

तिच्या मैत्रिणींपैकी शेतकऱ्यांच्या तीन पोरी बोलावून आणल्या. मी नियम वाचत होते तोवर एकीला जांभई आली. लावणीच्या घरावर मी लिहिलं होतं, 'पाऊस आला, सहा घरं मागे.' पोरी खुदकन हसल्या.

"ताई, लावणीला पाऊस नको तर काय ऊन पायजे?"

"मग कुठे हवा?"

"कापणीला टाका. भात कापून पडलंय नि वरून पाऊस, तवा कळंल!"

"कचेरीवाल्यांचं शेत ते!" दुसरी म्हणाली. मी चिडले, आणि पोरी पाणी भरायचं निमित्त करून निघून गेल्या.

"तुझ्यामुळे आता त्या यायच्याच नाहीत," बहीण म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. ते फार लागलं.

मग एकशे वीसची तीस घरं केली. पाऊस कापणीवर नेला. नियमांची पानं चुलीत घातली. काही न समजावता खेळ कळतो का, याचं आता मलाच कुतूहल लागलं होतं. पोरींना हातापाया पडून आणलं आणि मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले.

त्या चुकीचं खेळत होत्या. पाऊस लागला की सहा घरं मागे जायचं, तसं घरावर लिहिलेलंही होतं, तर एकीची सोंगटी तिथेच बसून राहिली. जाऊन सांगावं म्हणून मी पाऊल उचललं, तेवढ्यात बहिणीचा आवाज आला. कित्येक दिवसांत न ऐकलेला, अस्सल भांडखोर.

"भात भिजलं ना तुझं? मग वाळल्याबिगर उचलायचं नाय. उद्या येऊन इथूनच खेळायचं!"

"येते की. पण सोंगटी हलवू नको हां गं."

मी पाऊल मागे घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीला निघाले, तर ती पोर आधीच दारात उभी.

"भात वाळलं, ताई," ती म्हणाली.