दादाची शिष्यवृत्ती

माझा दादा शिष्यवृत्तीवर जगतो असं सांगितलं, की लोकांना वाटतं मी एखाद्या पोरसवदा मुलाबद्दल बोलते आहे. दादाचे केस पांढरे झालेत आणि दाढांपैकी निम्म्या त्याच्या स्वतःच्या नाहीत. तरी कागदोपत्री तो अजून विद्यार्थीच आहे. मी त्याला पूर्वी ‘जन्मविद्यार्थी’ म्हणून चिडवायचे. तो हसायचा.

तो शिकला ती भाषा फार जुनी. आज ती कुणाच्याही घरात बोलत नाहीत. तिच्यात भांडायचीसुद्धा सोय नाही, कारण उलट उत्तर द्यायला समोर कोणी नसतं. पण दादाला शाळेपासून तिचंच वेड. पदवी मिळाली, पुढे शिकायचं तर पैसे हवेत, आणि असल्या विषयाला पैसे देतो कोण? चार ठिकाणांहून गोड बोलून बोळवण झाली, आणि मग त्याला बाईंची शिष्यवृत्ती मिळाली. आमचे वडील गल्लीभर सांगत सुटले.

बाई म्हणजे एका श्रीमंत संग्राहकाच्या विधवा पत्नी. नवऱ्याने जन्मभर जमवलेली त्या भाषेतली हस्तलिखितं त्यांच्या घरात कुलूपबंद कपाटांत होती. शिष्यवृत्ती एका वेळी एकालाच. त्याने बाईंच्या घरी राहायचं. फी, जेवणखाण, हातखर्च सगळं बाईंकडे. संध्याकाळी तासभर त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. प्रबंध त्या संग्रहातल्याच एखाद्या ग्रंथावर लिहायचा, आणि तो पुरा होईपर्यंत शिष्यवृत्ती चालू. यापेक्षा चांगलं काय हवं?

मेख एवढीच होती, की ग्रंथ एकदम हातात मिळत नसे. एका गठ्ठ्याचं काम झालं, की बाई पुढचा काढून देत, तेही त्यांच्या मनात येईल तेव्हा. कधी किल्ली सापडायची नाही. कधी त्यांना बरं नसायचं. कधी म्हणायच्या, “इतक्यात झालं? परत एकदा वाचा बघू.” दादाचं सगळं लिहून होत आलं आणि एका शेवटच्या गठ्ठ्यापाशी घोडं अडलं, ते कायमचंच. त्या ग्रंथाची दुसरी प्रत कुठे नाही. सोडून यावं, तर घातलेली सगळी वर्षं पाण्यात. मग तो थांबला. पुढे पुढे त्याला थांबायची सवयच झाली.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दर वर्षी दादाचा चष्मा मीच करते, आणि दर वर्षी त्याचा नंबर वाढलेला असतो. मला त्याचा राग यायचा. धडधाकट माणूस, एका म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवत बसलाय, मग ऐतखाऊ नाही तर काय म्हणायचं? हे मी त्याला तोंडावर म्हटलेलं आहे.

आणि मग माझ्याच पोटच्या पोरीने तीच भाषा घेतली.

माऊचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिला पदव्युत्तर शिक्षणाला प्रवेश मिळाला, पत्रात अभिनंदन होतं आणि खाली लिहिलं होतं, की खर्चाची सोय विद्यार्थ्याने स्वतः पाहावी. ती सोय पाहण्यात आमचं वर्ष गेलं. एक शिष्यवृत्ती फक्त विज्ञानाला. एक शिक्षण पुरं झाल्यावर नोकरी नक्की आहे असं लिहून देणाऱ्याला. एक आधीच शिकत असलेल्यांना, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय शिकू शकणाऱ्यांना. एका ठिकाणी मुलाखतीपर्यंत मजल गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, याचा समाजाला उपयोग काय? माऊने इतकं सुंदर उत्तर दिलं, की ते स्वतः भारावले, आणि पैसे त्यांनी धरणांचा अभ्यास करणाऱ्याला दिले. त्या दिवशी माऊ घरी येऊन पालथी पडून राहिली. माझा जीव तीळतीळ तुटला.

अशात दादाचा फोन आला. तो आपण होऊन कधी फोन करत नाही.

“बाईंनी माऊला बोलावलंय,” तो म्हणाला. “तूही ये. माझा चष्मा झाला असेल तर घेऊन ये.”

माऊ नाचायचीच बाकी होती. मला मात्र जाऊ नये असं वाटलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दार बाईंनीच उघडलं. ऐंशी उलटलेल्या, पण पाठ ताठ. आवाज मऊ. आत उंच खिडकीची मोठी खोली होती, भिंतीला कपाटं, सगळ्यांना कुलपं. खिडकीपाशी दोन टेबलं. एकावर दादाचे कागद. दुसरं रिकामं होतं, पण त्यावर नवा दिवा होता, कोऱ्या कागदांची चवड होती आणि खुर्चीवर नवी उशी होती.

बाईंनी माऊला समोर बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला वाटलं होतं भाषेचे विचारतील.

“चष्मा नाही ना लागलेला? छान. घसा बसतो का वरचेवर? झोप लागते? लग्नाचं काही चाललंय?” मग माझ्याकडे वळून, “तुमची तब्येत कशी असते? मधेच तिला घरी यावं लागेल असं काही?”

त्यांचा सूर इतका प्रेमळ होता, की माऊ हसून हसून उत्तरं देत होती. गुरं घेताना दात बघतात, ते मला आठवलं. मग बाईंनी तिला वाचायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. दादाने मला खुणेने बाहेर बोलावलं.

त्याची खोली मागच्या बाजूला होती. एक पलंग, एक खुंटी, खुंटीवर दोन सदरे. त्याने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडे बघायचं सोडून खिडकीबाहेर बघत राहिला.

“तिचं नाव तूच सुचवलंस ना?” मी विचारलं.

“हो.”

“का?”

“बाई म्हणाल्या, तुमच्यानंतर कोण ते सांगा, म्हणजे तुमचा गठ्ठा काढून देते. माझ्या आधीच्यालाही तसंच सोडलं त्यांनी. मी आलो, तेव्हा त्याची ट्रंक दारात होती. डोकं पार पांढरं झालेलं. मला वाटलं, शिक्षक असतील कोणी.” त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “मी थकलोय गं. दुसरं नाव मला सुचलं नाही.”

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. सख्खी भाची.

“दादा, खरं सांग. ही बाई कशी आहे?”

“वाईट नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही ओरडल्या नाहीत. कधी टाकून बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या, तर मी केव्हाच निघून आलो असतो.”

पलीकडून माऊचा वाचण्याचा आवाज येत होता, स्वच्छ, खणखणीत. दादा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा उतरत गेला. मी म्हणाले, “तिला इथे ठेवू का? तू हो म्हण, मी ठेवते.” तेवढ्यात बाईंनी हाक मारली.

आत गेलो तर एक कपाट उघडं होतं. टेबलावर लाल कापडात बांधलेला एक गठ्ठा होता, उशीएवढा. माऊचे गाल लाल झाले होते.

“मुलगी मला पसंत आहे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात राहायला येऊ दे. आणि हा घ्या तुमचा. आता महिनाभर बसा निवांत आणि करा पुरं.”

दादाने गठ्ठ्यावर हात ठेवला. ज्याच्यासाठी त्याने लग्न केलं नाही, आईच्या शेवटच्या आजारात त्याला दोन दिवसांपेक्षा जास्त राहता आलं नाही, ते त्याच्या हाताखाली होतं. त्याने गाठ सोडायला घेतली. मग त्याने माऊकडे बघितलं. ती त्या नव्या खुर्चीत बसलेली होती.

त्याने गाठ पुन्हा आवळली आणि गठ्ठा बाईंच्या पुढे सरकवला.

“बाई, मधल्या भागाचं माझं वाचन चुकलंय असं वाटतंय. पहिल्यापासून बघावं लागेल. हा आत्ता नको.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“किती दिवस लागतील?”

“सांगता येत नाही.”

“बरं,” म्हणत त्यांनी गठ्ठा उचलला, कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. मग माऊच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “मग तुला थांबावं लागेल, बाळ. तुझा फोन नंबर मात्र देऊन जा.”

माऊने नंबर दिला.

रस्त्यावर येताच ती फुटली. “मामाला मी तिथे नको होते. स्वतःचं पुरं करायचं नाही आणि दुसऱ्याला जागा द्यायची नाही.” मी तिला बसस्टॉपवर उभं राहून सगळं सांगितलं, मामा काय बोलला, त्याने काय सोडलं ते. ती म्हणाली, “आई, तुला त्यातलं काही कळत नाही. मामाला जमलं नाही. मी पाच वर्षांत पुरं करीन.” दादाही पंचविशीत अगदी हेच म्हणाला होता, हे मी बोलून दाखवलं, तर तिने तोंड फिरवलं.

मी दादाला फोन केला. त्याला मी जन्मभर जे जे बोलले होते, त्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं. मला रडूच आलं. तो म्हणाला, “अगं, चष्मा छान झालाय. अक्षर एकदम स्पष्ट दिसतंय.”

मला वाटलं होतं, यातून माऊ सुटली. आता ती दुसरीकडे अर्ज करील, नाहीतर नोकरी बघेल. तिने नोकरी घेतली, अर्ध्या दिवसाची. अर्ज एकही केला नाही. मी विचारलं तर म्हणते, “माझी सोय झालेली आहे, फक्त वेळ लागणार आहे.” संध्याकाळी तिला फोन येतो, मग ती खोलीत जाऊन दार लावून घेते, आणि आतून तासभर ती भाषा ऐकू येत राहते. मी दारापाशी उभी राहून ऐकलंय. मधूनमधून ती थांबते, पलीकडचं ऐकते आणि तीच ओळ परत वाचते.

मामाशी ती त्या दिवसापासून बोललेली नाही. म्हणून परवा मी दुकानातून आले आणि तिने आपण होऊन त्याचा विषय काढला, तेव्हा मला बरंच वाटलं.

“आई, मामाची तब्येत कशी आहे गं हल्ली?”

“ठणठणीत आहे,” मी म्हणाले.

“अच्छा,” ती म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं.