श्रावणातला पाला

माझं काळीज स्वतःच्या मर्जीनं पळतं. बसल्या जागी, भात कालवताना, कधीही. घाटकोपरच्या कारखान्यात लेथवर हयात गेली माझी. पट्टा निसटला की मोटर मोकाट सुटायची, तसं छातीत होतं. डॉक्टरनं दोन गोळ्या लावून दिल्या. एक काळजाला आवरायला, दुसरी रक्त पातळ ठेवायला. काळीज असं वेडंवाकडं पळालं की आत रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली की माणूस लुळा पडतो. चौथीपर्यंत शिकलोय, पण सांगितलेलं समजतं मला. न सांगितलेलं कसं समजणार?

श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद म्हणजे बंद, मुलुंडला राहायला आलो म्हणून काय झालं? लग्न झाल्यापासून बायको श्रावणात रोज पाला करते. टाकळा, अळू, माठ. मी दोनदा मागून घेतो.

अष्टमीच्या आधी रक्त तपासलं, तर ते दाट निघालं. दवाखान्यात बायको आणि मुलगा सोबत होते. डॉक्टरनं विचारलं, "जेवणात काही बदल?" मी तोंड उघडायच्या आत मुलगा म्हणाला, "आई रोज पालेभाजी घालते ना!"

डॉक्टर तिच्यावर उखडला. "आजी, त्यानं गोळीचा असर कमी होतो. नवऱ्याला लुळं पाडायचंय का?"

"आई, जरा विचारायचं तरी," मुलगा म्हणाला.

काय विचारायचं? पाला आणि गोळीचं वाकडं आहे हे तिला स्वप्नात दिसणार होतं?  

गोकुळाष्टमीला आमच्यात शेवग्याच्या पाल्याची भाजी, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं लागतंच. यंदा शेवग्याच्या जागी दुधी.

"पालो खंय?"

"माझ्या हातान तुमका मारूचा नाय माका."

मी ताट सरकवलं. राग तिचा नव्हता, पण समोर तीच होती.

दुसऱ्या दिवशी मुलाला न सांगता दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाला, "पालेभाजी बंद करा असं मी कुठे म्हटलं? रोज साधारण सारखीच खायची. एकदम वाढवायची नाही, एकदम तोडायची नाही."

"हे गोळी देताना का नाही बोललात?"

"आजोबा, चिडू नका. धडधड वाढेल."

"वाढू दे. तिला आवरायला तुमची गोळी आहे. माझी बायको पाल्याला हात लावायला घाबरते, तिला कुठली गोळी देता?"

घरी बायकोला फोन लावून त्याच्या हातात दिला. बाहेर पेशंट ताटकळत होते, ताटकळू देत. तो म्हणाला, "आजी, चूक तुमची नव्हती. मी आधी सांगायला हवं होतं." मग पलीकडून काहीतरी आलं आणि तो हसला. "लहान वाटी, आजी. रोज तेवढीच."

अष्टमी उलटून गेली होती, तरी जेवायला शेवगा होता. एवढीशी वाटी.

"एवढ्यान काय होतला?"

"रोज एवढोच गावतलो. मासळी सुरू झाली तरी."

मुलगा हसायला लागला. म्हटलं, "आधी आईची माफी माग, मग हस."

त्याचं हसणं थांबलं. आंबोळीचा तुकडा हातात धरून तो तिच्याकडे बघत बसला. मी जेवायला सुरुवात केली नाही. म्हटलं, बघू किती वेळ लावतो.