पाटी रिकामी होईपर्यंत

नाशिकहून ठाण्याला एसटीने यायला चारेक तास लागतात, घाटात ट्रक आडवा पडला तर पाच. तेवढ्या वेळात मी पाण्याचा एक घोट घेत नाही. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझी ही फुशारकी पाठ आहे. "आम्ही कोपरीच्या कोळणी, मुक्काम आल्याशिवाय पाणी नाही," असं मी इथे छाती फुगवून कितीदा तरी लिहिलंय. या वेळी त्या फुशारकीचा पार भुगा झाला. तो कसा झाला ते सांगते, आणि सांगता सांगता कसं जायचं, काय खायचं तेही येईलच.

निघायचं कारण सहलीचं नव्हतं. आतेभाऊ दिनेशचा फोन आला. "ताई, आईला परत मुतखडा झालाय. एक किडनी आधीच दमलीये. डॉक्टर म्हणाले, पाणी प्यायली नाही तर दुसरीही जाईल. आणि ही बाजारात असताना थेंब घेत नाही. तू ये यार, तुझंच ऐकते ती."

हिराआत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आता साठीच्या पुढे गेलीये. माझी आई लवकर गेली, तेव्हा माझ्या वेण्या घालायच्या, डबा भरायचा, सगळं तिनेच केलं. दोन कपडे पिशवीत कोंबले आणि निघाले.

बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे, तेव्हा मैत्रिणींनो, बिनधास्त निघा. ठाण्याला उतरलात की शेअर रिक्षाने स्टेशन गाठा. मी मुद्दाम टेंभी नाक्यावरून गेले, कारण लहानपणी नवरात्रात तिथली गर्दी बघायला आत्या मला कडेवर घेऊन जायची. आज नाका साधाच होता, रिक्षांचे हॉर्न आणि फुलवाले. तरी उतरून पाच मिनिटं उगाच उभी राहिले. शेजारच्या गल्लीत तर्रीवाली मिसळ खाल्ली, नाकातून पाणी आलं, तरी पाणी प्यायले नाही. सवय!

स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरलं की कोपरी. आमची गल्ली आता तीन बाजूंनी उंच इमारतींत बुडालीये. खाडीकडून वारा आला की मात्र तोच वास येतो, चिखलाचा, मिठाचा आणि वाळत घातलेल्या बोंबलाचा. त्या वासाने मला एकदम सात वर्षांची केलं.

"कवा आयलीस गो?" आत्या दारातच होती. गाल बसलेले, पायांवर सूज, पण केसात अबोलीचा गजरा. "जेव आधी."

तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि कोलंबीचं आंबट. हाटेलात असलं ताट शोधू नका, मिळणार नाही. मी पाण्याचा विषय काढला तर म्हणाली, "घरात पिते की मी. हा बघ तांब्या." खरंच, घरी ती घटाघटा प्यायली. मग बाजारातच काय होतं? मला वाटलं, मला कारण माहीत आहे.

शाळेच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायला जायचे. गोणपाटावर तिच्या मांडीला टेकून बसायचं, कावळे हाकलायचे, गिऱ्हाइकाला पिशवी धरायची. तहान लागली की आत्या सांगायची, "पाटी रिकामी होईस्तोवर पाणी प्यायचं नाय. प्यालं त मासळी खपत नाय. दर्याची रीत हाय." आणि मी गप्प. पाटी रिकामी झाली की कोपऱ्यावरच्या दुकानातून लिंबू सरबत. तसं सरबत मी पुन्हा कुठेच प्यायले नाही. दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर मी त्या रीतीवर एक लांबलचक पोस्ट लिहिली होती. आमच्या बायकांची धंद्यावरची निष्ठा वगैरे. तुम्ही भरभरून कौतुकही केलं होतं. त्यामुळे मी मनात भाषण तयार ठेवलं होतं: जीव मोठा की रीत मोठी?

सकाळी सहाला छोटा टेम्पो आला. पाच जणी मिळून तो ठरवतात. पूर्वी कळव्या-मुंब्र्यावरून शीळफाट्याला वळसा घालून जावं लागायचं, आता माणकोलीच्या नव्या पुलाने डोंबिवली पश्चिमेला पटकन पोचता. पुलावर उजेड फुटत होता. खाली खाडी, दोन्हीकडे तिवरं. "इथं चिखलात निवटी मासळी मिळायची पाटीभर," आत्या म्हणाली, "आता पाण्याला रंगच येगला." पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका, मागचे शिव्या घालतात.

बाजाराच्या गल्लीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा गल्ल्या सगळीकडे आहेत. आत्याची जागा तीस वर्षं तीच, एका जुन्या इमारतीच्या कुंपणाशी. शेजारी सुमन नावाची तरणी बाई मांदेली घेऊन बसली होती. दहा वाजता ऊन डोक्यावर आलं. मी गार पाण्याची बाटली आणून झाकण उघडून आत्यासमोर धरली.

"पाटी रिकामी होऊ दे."

"आत्या, पुरे झाली ती रीत! जीव मोठा की..."

"कसली रीत गो?" तिने पापलेटाचं डोकं उडवलं. "प्यायले त जाऊ कुठं? सांग ना. जागा दाखव, आत्ता पिते अख्खी बाटली."

मी बाटलीचं झाकण परत लावलं.

"तू रडायचीस तहान तहान करून. पोरीला काय सांगू, आपल्याला बसाया आडोसा नाय म्हणून? मंग रीत सांगितली. तू गप जालीस." मग हळूच म्हणाली, "तू ती कॉम्पुटरवर लिवलीस. दिन्याने वाचून दाखवली. मना बरं वाटलं. म्हटलं, पोरीला त्यातलं चांगलंच आठवतंय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिच्या किडनीवर मी निबंध लिहिला होता आणि शाबासकी घेतली होती.

उठले आणि शोधायला निघाले. पंधरा मिनिटं चालल्यावर एक संडास सापडला, त्याला कुलूप. पुढे दुसरा, पैसे देऊन आत जायचा, दाराला कडी नाही. येऊन-जाऊन पाऊण तास गेला. आत्या एवढ्या लांब गेली तर तिची पाटी कोण सांभाळणार? सुमन म्हणाली, "ताई, मी तर पोरगा पोटात होता तेव्हापण तशीच बसलेली. दोनदा इन्फेक्शन. डॉक्टर बोलला स्वच्छता ठेवा. मी बोलले, हो सर." आणि हसली. मला हसू आलं नाही. आजार शरीरात होतो हे खरं, पण या गल्लीत तो रस्त्यावरूनच आत शिरला होता.

मी त्या संडासांचं सांगत होते तेव्हापासून देसाईकाकू कापडी पिशवी धरून उभ्या होत्या. मागच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात, निवृत्त शिक्षिका, आत्याचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक.

"हिराबाई, दर उन्हाळ्यात मी तुम्हाला पाणी विचारते आणि तुम्ही नको म्हणता. मला वाटायचं, तुम्हाला आमच्याकडचं चालत नसेल. ते यासाठी होतं?"

आत्याने मान खाली घातली. "एकदा एका सोसायटीत विचारलं होतं, लई वर्सं जाली. वॉचमनने हाकललं, वास येतो म्हणून. मंग कुणाला विचारलं नाय."

"वास? अहो, तो वास मी तीस वर्षं पैसे देऊन घरी नेतेय! उठा, घर उघडं आहे, आमच्या मोरीत जाऊन या. पाटीपाशी मी बसते."

आणि खरंच, काकू पदर खोचून गोणपाटावर बसल्या. आत्या उठेचना. हात तीनदा धुतले, साडी झटकली, चपला फाटकाबाहेर काढल्या. मी तिला दंड धरून नेलं. परत आली तेव्हा तिने बाटली उचलली आणि भर बाजारात, पाटीत निम्मी मासळी असताना, ती संपवली. इकडे काकूंनी दोन पापलेटं भलत्याच स्वस्तात विकून टाकली होती, तो वेगळाच गोंधळ.

मला वाटलं, जिंकले. परतीच्या टेम्पोत आत्या रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "काकू मे महिन्यात लेकीकडं जातात. आणि सुमनचं काय? एका बाईच्या मोरीवर आख्खा बाजार नाय चालायचा." घरी आल्यावर मी कागद काढला. आत्या आणि मी, दोघींनी मिळून बाजारात संडास हवा म्हणून महापालिकेला अर्ज लिहिलाय, वीसेक जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत, काकूंनी शुद्धलेखन तपासलंय. पुढचं पुढे.

निघताना आत्याने सुक्या बोंबलाची पुडी आणि पाण्याची बाटली हातात दिली. नाशिकला घरी पोचले, पिशवी उपसली, तर बाटलीचं सील तसंच. हसावं की रडावं कळेना. उभ्या उभ्या सगळी प्यायले.

ती जुनी पोस्ट मी काढलेली नाही. ते लिंबू सरबत खरं होतं, आत्याची मांडी खरी होती, ते कशाला पुसू? फक्त खाली एक ओळ घातलीये: ही रीत नव्हती, बाजारात संडास नव्हता.

काल दुपारी आत्याचा फोन आला. "आज निम्मी पाटी शिल्लक होती गो, आनि मी तांब्याभर पाणी प्यायले."

"आणि मासळी?"

"खपली," ती म्हणाली. "समदी खपली."