मामाच्या वाटेची गोष्ट

३ फेब्रुवारी २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. ब्रह्मपुरीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिरले, तेव्हा दोनाडकर गुरुजी मुलांच्या ओळीत मांडी घालून बसले होते. चौथीतली एक मुलगी गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक वाक्यामागे गुरुजी "हं" म्हणत होते. ते गप्प राहिले की तिने वाक्य बदलायचे, मगच वहीत उतरवायचे.

"हुंकारी तुटली का गोष्ट तुटली, मॅडम," ते मला म्हणाले.

मी प्राणिशास्त्र शिकलेली. मुलांचे कथालेखन कसे वाढते, हे मोजण्याच्या प्रकल्पावर आले होते. हुंकाराला माझ्या आराखड्यात जागा नव्हती. ती मी त्याच दुपारी केली.

गुरुजी महिनाअखेर निवृत्त होणार होते. तोवर प्रत्येक मुलाने स्वतःची एक गोष्ट लिहावी, हा त्यांचा हट्ट होता. सगळ्यांनी लिहिली, फक्त चौथीतल्या काजलने नाही.

"काऊन लिवत नाई वो?" गुरुजींनी तिला कारण विचारले.

"दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते, गुरुजी."

हा समज तिथे घरोघरी आहे. शेजारची सोनू म्हणाली, "माहा मामा त घरीच झोपून राह्यते, तो कुठी चुकन?" वर्ग हसला. काजल हसली नाही. तिला लहानाची मोठी करणारा मामा मिरच्या तोडायला तेलंगणात गेला होता आणि कित्येक दिवस त्याचा फोन लागत नव्हता.

गुरुजी आता समजूत घालतील, असे मला वाटले. त्यांनी विचारले, "मामा ब्रह्मपुरीले उतरला, मंग घरी कसा येईन?"

"जीपनं."

"तेच लिव. वाट सांगणाऱ्या गोष्टीनं तो कायले चुकन?"

तुमचा यावर विश्वास आहे का, असे मी नंतर गुरुजींना विचारले. "माहा नाई, तिचा हाये. गोष्ट बी तिचीच हाये न."

त्यांच्या शाळेतल्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, काजल आपली गोष्ट वाचायला उभी राहिली. जीप, मोहाचे झाड, नुसते भुंकणारे कुत्रे, तलावाची उंच मातीची पाळ. गुरुजी हुंकार देत होते. एकाएकी थांबले.

"मामा पाळीवरच उभा राह्यला न, पोरी."

काजलने खाली बसून आणखी एक वाक्य लिहिले आणि वाचले: "पाळीवरून डावीकडे पाह्यलं का मी दिसन."

"हं," गुरुजी म्हणाले.

मामा तोवर आलेला नव्हता. माझी शेवटची नोंद: काजल, इयत्ता चौथी, वाक्ये १९.