बॅटरीवरचा पाना

खंडेनवमीला झेंडूचा वास आला की मला अजूनही राग येतो.

अमरावतीला आमच्या बाबांची जीप होती. बॅटरीला हात लावायच्या आधी अंगठी काढायची, काळी वायर पहिली सोडायची, हे त्यांनी वर्षभर आमच्याकडून घोकून घेतलेलं. त्या खंडेनवमीला मात्र त्यांनी बॉनेट उघडलं आणि हळदकुंकू लावलेला लोखंडी पाना पूजेसाठी बॅटरीवरच ठेवायला घेतला.

"बाबा, पाना दोन्ही टोकाईले लागन," मी म्हटलं.

"पूजेच्या वक्ताले टोकू नोको."

पाना टेकला आणि निळी ठिणगी उडाली. झेंडू करपले, जळका वास अंगणभर पसरला. बाबांनी बसायचा लाकडी पाट मारून पाना उडवला. बोटं वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू टोकलं म्हनून झालं हे."

आता अकोल्यात नवराही खंडेनवमीला पाना गाडीच्या बॅटरीवरच ठेवतो. सांगितलं तर म्हणतो, "काई होत नाई." मी वाद सोडला. तो आंघोळीला गेला की बॅटरीच्या दोन्ही टोकांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे घट्ट चढवते.

पूजा नीट होते. नवरा माझ्याकडे बघून हसतो.

"पाह्य, झालं काई?"