दिराची सौर वीज आणि माझी गिरणी

नोटबंदीच्या पुढच्या वर्षी माझ्या दिराने चिखले गावातल्या घरामागे पाहुण्यांसाठी एसी खोल्या बांधल्या, छपरावर सौर पॅनल बसवले आणि विजेवर चालणारी गाडी आणली. तेव्हापासून तो दिव्याचं बटणही उपकार केल्यासारखं दाबायचा. "वहिनी, आता वाडीला वीज मी देतो," असं त्याने मला माझ्या गिऱ्हाइकांसमोर सांगितलं.

माझी पिठाची गिरणी त्याच्या कुंपणाला लागून. दोघांची वीज लाइनच्या शेवटच्या खांबावरून यायची. संध्याकाळी डहाणू स्टेशनवरून पाहुणे आणले, की तो गाडी चार्जिंगला लावायचा, सगळे एसी सुरू व्हायचे आणि माझी गिरणी रडत रडत मंद व्हायची. चिकूच्या वाड्यांत काम करून परतलेल्या बाया तेव्हाच दळण घेऊन यायच्या आणि पिवळ्या पडलेल्या बल्बखाली ताटकळायच्या.

"भाऊजी, गाडी दुपारी लावा की. तेव्हा तुमच्या पॅनलची वीज असते," मी म्हटलं.

"दुपारी दारात उभी राहिली तर गावभर फिरताना लोकांना दिसणार कशी?" तो म्हणाला. थट्टा करत नव्हता.

"त्याचं काहीतरी गणित असेल," आमचे हे म्हणाले. धाकट्या भावाने छपरावर काचा काय चढवल्या, ह्यांना तो शास्त्रज्ञ वाटायला लागला होता.

शेवटी मीच गिरणी दुपारी चालवायला लागले. बाया कामावर जाताना डबे ठेवून जायच्या आणि येताना पीठ न्यायच्या.

दिराच्या पॅनलचा इन्व्हर्टर भर दुपारी सारखा बंद पडतो, अशी त्याची जुनी तक्रार होती. वीज कंपनीचा इंजिनिअर आला, तर इन्व्हर्टर छान चालू.

"दुपारी इथे वीज वापरणारं कोणी नव्हतं," इंजिनिअर म्हणाला. "पॅनलच्या विजेने लाइनचं व्होल्टेज चढायचं, की इन्व्हर्टर बंद. आता गिरणी ती वीज घेते. गाडीही ह्याच वेळी लावा."

दिराने समजल्यासारखी मान हलवली.

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी तो अंगणात पाहुण्यांना सांगत होता, "इथलं विजेचं नियोजन मी केलंय. शेजारची गिरणीसुद्धा माझ्या वेळापत्रकावर चालते."

मी केसांत पीठ घेऊन कुंपणापाशी ऐकत होते. आत गेले आणि गिरणी बंद केली. थोड्याच वेळात इन्व्हर्टर ओरडायला लागला.

"वहिनी, गिरणी का थांबवली?" तो धावत आला.

"तुम्ही नियोजन करा. गाडी लावा."

पाहुण्यांदेखत त्याने निमूटपणे वायर ओढत नेऊन गाडी लावली. मला हसू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग गाडी दुपारीच चार्ज होऊ लागली. संध्याकाळचे बल्ब पुन्हा पांढरे झाले. ही युक्ती आपल्याला कशी सुचली, हे तो घोलवडपर्यंत सांगत फिरला. कुठल्याशा मंडळाने त्याला शाल-नारळही दिला. आमचे हे सत्काराला पहिल्या रांगेत बसले होते.